जुन्या बंदुकीची नवी नळी

इतिहासाच्या तासाला युद्धाचें प्रकरण निघालें म्हणजे मागच्या बाकांवरून एक प्रश्न हमखास येतो : "सर, सर्वांत चांगली बंदूक कोणत्या राष्ट्राची होती?" विचारणाऱ्याचे डोळे चमकत असतात आणि उत्तरादाखल त्याला एखादें जर्मन किंवा इंग्रजी नांव हवें असतें. पुष्कळ वर्षें मीं तें नांव देऊन वेळ मारून नेली. अलीकडे मात्र मी उलट विचारतों, "कोणासाठीं चांगली? आणि किती पैशांत?" वर्ग हंसतो. शस्त्रांच्या गोष्टींत वाण्याच्या हिशेबाची भाषा कोणास रुचत नाहीं. परंतु बाजारांतील उत्तम वस्तु कोणती हा एक प्रश्न आहे, आणि माझ्या ऐपतींत, माझ्या घरीं जें आहे तें लक्षांत घेऊन मीं कोणती पत्करावी हा अगदीं निराळा प्रश्न आहे. राष्ट्रांनाही हा दुसराच प्रश्न सोडवावा लागतो. एका लहान, गरीब आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या राष्ट्रानें तो कसा सोडविला, याची हकीकत मला बोधप्रद वाटते.

तें राष्ट्र म्हणजे फिनलंड. अरण्यें आणि सरोवरें यांनीं व्यापिलेला हा उत्तरेकडील देश १८०९ सालापासून रशियन सम्राटाच्या छत्राखालीं होता. रशियांत राज्यक्रांति झाली, आणि ६ डिसेंबर १९१७ रोजीं फिनलंडनें स्वातंत्र्य पुकारलें. त्या वेळीं देशाची लोकसंख्या पुरती बत्तीस लाखही नव्हती. स्वातंत्र्याचा आनंद दोन महिनेही टिकला नाहीं. जानेवारी १९१८ मध्यें शुभ्र आणि लाल अशा दोन पक्षांत यादवी माजली आणि मे महिन्यापर्यंत भावानें भावाचें रक्त सांडलें. या यादवींत दोन्ही पक्षांच्या हातीं बहुतांशीं एकच बंदूक होती, आणि ती रशियन होती. देशांतील रशियन पलटणींचीं हत्यारें व कोठारें हातीं लागलीं होतीं, तींच दोघांनीं चालविलीं. यादवी संपल्यावर जें सरकार उभें राहिलें त्याला राजमुद्रेपासून टपालाच्या तिकिटापर्यंत सर्व कांहीं नवें करावयाचें होतें. शस्त्रागारांत मात्र ज्याच्यापासून सुटका करून घेतली, आणि ज्याच्याशीं पुन्हां गांठ पडण्याचें भय होतें, त्याच शेजाऱ्याच्या बंदुका रांगेनें उभ्या होत्या.

ती बंदूक म्हणजे १८९१ सालची मोसिन-नागां रायफल. सर्गेई मोसिन नांवाचा रशियन कप्तान आणि लेऑन नागां हा बेल्जियन कारखानदार यांच्या नमुन्यांतील गुण एकत्र करून ती सिद्ध झाली. नळीचें तोंड रशियन मापानें तीन रेघा, म्हणजे ७·६२ मिलिमीटर. पेटींत पांच काडतुसें. नळीची लांबी ८० सेंटिमीटर. रूप ओबडधोबड, पण प्रकृति दणकट. चिखल, बर्फ व निरक्षर शेतकऱ्याचा हात या तिहींना ती पुरून उरे. रशियाची गरज एवढी अवाढव्य होती कीं, प्रारंभीं सुमारें पांच लाख बंदुका फ्रान्समध्यें शातेलरो येथील कारखान्यांत करवून घ्याव्या लागल्या, आणि पहिल्या महायुद्धांत अमेरिकेंतील दोन कारखान्यांना मोठालीं कामें द्यावीं लागलीं. तिच्यांत दोषही होते. नेम धरण्याच्या पट्टीवरील आंकडे मीटरांत नसून अर्शीन नामक जुन्या रशियन मापांत होते. संगीन लावल्यावर तिची लांबी पुरुषाच्या उंचीइतकी होई. चाप जड होता. आणि सुरक्षेची कळ इतकी ताठ कीं, गारठलेल्या बोटांनीं ती फिरवितां येणें कठीण.

अशी बंदूक ठेवावी कीं टाकावी? फिनलंडपुढें तीन मार्ग होते. पहिला, सर्व मोडीत काढून जर्मन माउझरसारखी नामांकित नवी रायफल विकत घेण्याचा. हा मार्ग मानाचा खरा, परंतु त्यासाठीं बंदुकांबरोबर काडतुसें, काडतुसांचीं यंत्रें, सुटे भाग आणि कारागिरांचें शिक्षण, सारेंच नव्यानें विकत घ्यावें लागलें असतें. दुसरा मार्ग, जुनी बंदूक ठेवून तिला माउझरचें काडतूस चालेल असा फेर करण्याचा. पोलंड या दुसऱ्या नवस्वतंत्र राष्ट्रानें कांहीं मोसिन बंदुकांच्या बाबतींत हेंच केलें. कारण त्याच्या सैन्याचें मुख्य काडतूस जर्मन वळणाचें होतें, आणि त्याच्या दृष्टीनें तेंच योग्य होतें. तिसरा मार्ग, बंदूकही तीच आणि काडतूसही तेंच ठेवून, जो भाग झिजला असेल वा सदोष असेल तेवढाच बदलण्याचा. फिनलंडनें हा तिसरा मार्ग स्वीकारला. इतकेंच नव्हे, तर आपल्याकडील जपानी व अन्य जातींच्या बंदुका देऊन मोबदल्यांत मोसिन घेण्याचे सौदे त्यानें केले, आणि इतर देशांत पडून असलेल्या मोसिन बंदुकाही विकत आणल्या. ज्या मालाला युरोपांत मोडीचा भाव होता तो मुद्दाम गोळा करणारा हा गिऱ्हाईक दलालांना भोळा वाटला असेल. पण हिशेब त्याचाच बरोबर होता.

तो हिशेब समजण्यासाठीं अशा बंदुकीची शरीररचना थोडी पाहिली पाहिजे. दाराचा अडसर जसा सरकवून खांचेंत फिरवितात, तसा या जातीच्या रायफलींत एक पोलादी दांडा असतो. मूठ वर उचलून तो मागें ओढला कीं रिकामें काडतूस बाहेर पडतें. पुढें ढकलून मूठ खालीं दाबली कीं नवें काडतूस नळींत बसून दार बंद होतें. या दांड्याला बोल्ट म्हणतात. तो ज्या पोलादी कोठींत फिरतो ती कोठी हा बंदुकीचा कणा होय. स्फोटाचा सारा धक्का बोल्टाच्या दोन कानांमार्फत ती सोसते, आणि तिच्या घडणीलाच सर्वांत अधिक यंत्रें, वेळ आणि पैसा लागतो. उलट नळी हा झिजणारा भाग. कोठींत ती मळसूत्रानें बसविलेली असते, म्हणून काढतां येते आणि दुसरी घालतां येते. गोळीला गिरकी देणाऱ्या नळींतील खांचा बुजत आल्या कीं बंदूक जाया झाली असें अजाण माणसास वाटतें. वास्तविक पाहतां कणा शाबूत असतो. नेम चुकण्याचें खापर बहुधा नळीवर आणि तिला धरणाऱ्या लांकडी दस्त्यावर फुटावयाचें असतें, कोठीवर नव्हे. फिनलंडनें मोसिनची कोठी कधींच तयार केली नाहीं. रशियांत, फ्रान्सांत व अमेरिकेंत पूर्वीं झालेल्या कोठ्या त्यानें वापरल्या, आणि आपली सारी बुद्धि व पैसा नळीवर खर्चिला. जुन्या पितळी भांड्याला कल्हई करून संसार चालविणाऱ्या आमच्या गृहिणींना हें शहाणपण नव्यानें शिकवावयास नको.

पहिला प्रयत्न १९२४ सालच्या नमुन्याचा. तो केला सरकारी फौजेनें नव्हे, तर नागरी संरक्षक दलानें. यादवींतील शुभ्र पक्षांतून निघालेलें हें स्वयंसेवकांचें दल नेमबाजीला जवळजवळ धर्माचें स्थान देत असे. शिकारी आणि शेतकरी यांचाच त्यांत भरणा असल्यामुळें आपली गोळी कोठें जाते हें प्रत्येकाला कळत होतें, आणि झिजक्या रशियन नळ्यांचा त्यांना तिटकारा होता. दलानें स्वित्झर्लंड व जर्मनी येथून नव्या नळ्या मागविल्या आणि त्या जुन्या कोठ्यांवर चढविल्या. या कामासाठीं पैसा उभा करण्यांत लोट्टा स्वेर्ड या स्त्रियांच्या संघटनेचा हात होता. रूनेबेर्ग या राष्ट्रकवीच्या काव्यांत सैनिकांची सेवा करणारी लोट्टा नामक एक स्त्री आहे, तिचेंच हें नांव. या बायकांच्या वर्गणीची आठवण म्हणून त्या रायफलीला लोकांनीं 'लोट्टाची बंदूक' असें म्हटलें.

नंतर फौज जागी झाली. तिच्या १९२७ सालच्या नमुन्यांत नळी आंखूड करून साडेअडुसष्ट सेंटिमीटरांवर आणली, पण जाड व भारदस्त केली; पट्टीवरील आंकडे मीटरांत आले; आणि पुढच्या माशीच्या रक्षणासाठीं दोन्ही बाजूंस पोलादी पाकळ्या उभ्या केल्या. त्या पाकळ्या फिनलंडच्या शिकारी कुत्र्याच्या ताठ कानांसारख्या दिसत, म्हणून शिपायांनीं बंदुकीचें नांवच त्या कुत्र्यावरून 'पिस्तिकोर्वा' ठेवलें. परंतु काटकसर अस्थानीं झाली कीं कशी अंगावर येते, याचा धडाही याच नमुन्यानें दिला. जुने दस्ते टाकवेनात, म्हणून तेच कोरून त्यांत जाड नळी बसविली; त्यामुळें पुढचें लांकूड पातळ झालें आणि संगिनीच्या सरावांत तें मोडूं लागलें. मग पोलादी पट्ट्या जोडून डागडुजी करावी लागली. काय ठेवावें आणि काय टाकावें यांतील सीमारेषा एकदां आंखून भागत नाहीं. प्रत्येक भागापाशीं ती पुन्हां आंखावी लागते.

फौजेची ही चूक पाहून नागरी दलानें आपला १९२८ सालचा नमुना अधिक बळकट केला. आणि दोन वर्षांनीं त्यांत आणखी सुधारणा करून जी रायफल सिद्ध केली, ती १९२८-३० या जोडसालानें ओळखली जाते. तिच्यांत नेम धरण्याची नवी पट्टी होती. चाप हलका व निश्चित केला होता. आणि काडतुसें अडकूं नयेत म्हणून पेटींत केलेल्या फेरफाराची ग्वाही देणारीं 'निर्वेध' या अर्थाचीं दोन अक्षरें पेटीवर ठोकलेलीं असत. या नळ्या पुढें दलाच्या स्वतःच्या साको या कारखान्यांत होऊं लागल्या. १९२१ सालीं दुरुस्तीची कर्मशाळा म्हणून हेलसिंकी येथें जन्मलेला हा कारखाना १९२७ सालीं रीहिमॅकी गांवीं गेला आणि पुढें जगांतील नामांकित बंदुका करणाऱ्यांत गणला गेला. पदरीं असलेली वस्तु दुरुस्त करतां करतां जी विद्या येते, ती नवी वस्तु विकत घेऊन येत नाहीं. १९३७ सालीं हेलसिंकी येथें नेमबाजीचे जागतिक सामने झाले, तेव्हां लष्करी रायफलीच्या शर्यतीसाठीं हीच बंदूक दिली गेली. एके काळीं मोडीच्या भावानें जमविलेल्या कोठ्या आतां जगांतील निष्णात नेमबाजांच्या हातीं होत्या.

येथवरची कथा शहाणपणाची आहे. पण तिला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाहीं. फौज आणि नागरी दल हीं एकाच घरांतील दोन चुलींसारखीं होतीं. एकाच जुन्या कोठीवर दोघांनीं दोन निरनिराळे नमुने उभारले. दोघांचे कारखाने निराळे, अधिकारी निराळे आणि अभिमानही निराळे. ज्या गरीब राष्ट्रानें परक्याची बंदूक फेंकण्याची चैन केली नाहीं, त्यानें आपसांतील चुरशीची चैन मात्र दहा-बारा वर्षें केली. अखेर दोघांनीं मिळून एक सामाईक नमुना ठरविला, तो १९३९ सालच्या प्रारंभीं. भरदार दस्ता, उत्तम नळी आणि मागील सर्व अनुभवाचें सार असलेली ही रायफल त्या कुळांतील सर्वश्रेष्ठ समजली जाते. नेमबाजीचे शौकीन असलेले माजी राष्ट्राध्यक्ष स्विनहूव्हूद यांच्या लाडक्या नांवावरून लोक तिला 'उक्को-पेक्का', म्हणजे म्हातारबुवा पेक्का, असें म्हणत. पुढें अशा सुमारें एक लाख रायफली झाल्या. परंतु संकट ज्या वर्षीं दारीं आलें, त्या वर्षीं त्या हाताच्या बोटांवर मोजण्याजोग्याच होत्या.

३० नोव्हेंबर १९३९ रोजीं सोव्हिएट फौजा सरहद्द ओलांडून आल्या. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें पंतप्रधान कायांदर यांनीं एका भाषणांत, आम्हीं आपला पैसा कोठारांत गंजणाऱ्या शस्त्रांवर उधळला नाहीं, अशा आशयाचें समाधान व्यक्त केलें होतें. तीन महिन्यांनीं अनेक राखीव शिपायांना गणवेषही मिळाला नाहीं. घरचाच कोट, कमरेला पट्टा, टोपीला राष्ट्रीय बिल्ला आणि हातीं बंदूक, एवढ्यावर ते रणांत उतरले. शिपायांनीं या पोषाखाला 'कायांदर नमुना' असें बोचरें नांव दिलें. काटकसर आणि हयगय यांतील भेद या दोन चित्रांत स्पष्ट दिसतो. आहे तें कसोशीनें सुधारणें ही काटकसर. सुधारण्याचें काम उद्यांवर टाकणें ही हयगय. दोहोंत खर्च कमीच दिसतो, म्हणून अंदाजपत्रक वाचणाऱ्याची फसगत होते.

हिंवाळा भयंकर होता. जानेवारींत पारा शून्याखालीं चाळीस अंशांपर्यंत उतरला. अशा वेळीं वीस वर्षांपूर्वींच्या निवडीचें खरें फळ पदरांत पडलें. समोरचा शत्रु त्याच कुळांतील बंदूक आणि त्याच जातीचें काडतूस वापरीत होता. म्हणून बर्फांत कोंडून मोडलेल्या सोव्हिएट तुकड्यांचीं हत्यारें ताब्यांत आलीं कीं तीं जणूं आपल्याच कोठारांत जमा होत. मोडलेल्या बंदुकीचा बोल्ट, पेटी किंवा कोठी दुसरीच्या उपयोगीं पडे. नागरी दलाच्या अचूक नळ्या किंचित् घट्ट होत्या आणि त्यांना रशियन गोळी केसाएवढी जाड पडे. तो अनुभव ध्यानीं घेऊन १९३९ च्या नमुन्याची नळी मुद्दाम थोडी सैल ठेवली होती. याच्या उलट उदाहरणही घडलें. इटलीनें हजारों नव्याकोऱ्या कार्कानो रायफली पाठविल्या. पण त्यांचें काडतूस निराळें, देशांतील कोणत्याही साठ्याशीं न जुळणारें. त्या उशीरां पोंचल्या आणि बहुतेक पिछाडीच्या लोकांना वांटल्या गेल्या. नवी बंदूक निरुपयोगी आणि जुनी कामाची, असें होतें तें यामुळें. बंदूक एकटी कधींच नसते. तिच्यामागें काडतुसांची गिरणी, दुरुस्तीची भट्टी आणि शिकलेला हात उभा असावा लागतो.

त्या शिकलेल्या हाताचें उदाहरण म्हणजे सिमो हायहा. रशियाच्या सरहद्दीजवळील रौत्यार्वी भागांतला हा ठेंगणा, अबोल शेतकरी नागरी दलांत नेमबाजी शिकला होता. कोल्ला नदीच्या आघाडीवर त्यानें आपल्या १९२८-३० च्या रायफलीनें पांचशेंच्या वर शत्रु टिपले, असें त्याच्या नांवावर मांडलें जातें. त्याच्या बंदुकीवर दुर्बीण नव्हती. साध्या पट्टीनें आणि माशीनें तो नेम धरी. दुर्बिणीची कांच चकाकते आणि डोकें थोडें वर उचलावें लागतें, म्हणून त्याला ती नको होती. ६ मार्च १९४० रोजीं गोळी लागून त्याचा जबडा फुटला. तो वांचला आणि थेट २००२ सालापर्यंत जगला. त्याच्या पराक्रमाचा आंकडा वाचून तरुण वाचकांचें रक्त सळसळतें. मला मात्र त्या आंकड्यांतील प्रत्येक एकाच्या पाठीमागें युक्रेनमधलें किंवा व्होल्गाकांठचें एक घर दिसतें, आणि त्या मेलेल्याच्या हातांतली बंदूकही याच बंदुकीची सख्खी बहीण होती हें आठवतें.

युद्ध एकशें पांच दिवस चाललें. १३ मार्च १९४० रोजीं तह अमलांत आला. सुमारें पंचवीस हजार फिन शिपाई मेले. देशाचा जवळजवळ दहावा हिस्सा गेला. करेलिया प्रांतांतील चार लाखांवर माणसें गाई-गुरें व बोचकीं घेऊन घरें सोडून आलीं. चांगल्या नळीच्या रायफली असूनही हें झालें. रायफलींनीं रणगाडे आणि तोफा अडत नाहींत, आणि त्यांची तर देशांत फार टंचाई होती. तथापि स्वातंत्र्य टिकलें. १९१८ सालीं ज्यांचे बाप एकमेकांवर गोळ्या झाडीत होते, ते कामकरी आणि शेतकरी या वेळीं एका खंदकांत होते. आणि १९४० च्या फेब्रुवारींत समाजवादी पक्ष व नागरी दल यांनीं आपलें जुनें वैर जाहीरपणें मिटविलें. जुन्या कोठीवर नवी नळी बसविण्यापेक्षां हें काम पुष्कळ अवघड होतें, आणि अधिक मोलाचेंही.

कोणी म्हणेल, हा सारा गरिबीचा गौरव झाला. पैसा असता तर फिनलंडनेंही नवीच बंदूक घेतली असती. मान्य. दुरुस्तीनेंही कोठीचे जन्मजात दोष गेले नाहींत. ती ताठ सुरक्षेची कळ शेवटपर्यंत ताठच राहिली. परंतु उत्तम वस्तु परवडत नाहीं म्हणून हातपाय गाळून बसणें, किंवा ती मिळेपर्यंत असलेल्या वस्तूची हेळसांड करणें, हे दोनच पर्याय गरिबाला असतात असें नव्हे, एवढें त्या राष्ट्रानें दाखविलें. तो तिसरा पर्याय रोज थोडें थोडें कष्ट मागतो, आणि त्यांत मिरविण्यासारखें कांहीं नसतें.

विसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत फिनिश सैन्याला दूरवर नेम धरणारी खास रायफल हवी होती. तेव्हांही त्यांनीं जुन्या मोसिनच्या कोठ्या बाहेर काढल्या आणि त्यांवर नवीन जाड नळ्या व नवे दस्ते चढविले. त्यांतल्या कांहीं कोठ्या झारच्या अमदानींत, एकोणिसाव्या शतकांत घडलेल्या होत्या. अशा एखाद्या बंदुकीचें लांकूड उतरवून पाहिलें तर कोठीच्या शेपटावर तिचें जन्मवर्ष कोरलेलें आढळतें, आणि नळीवर दुसरेंच, पुष्कळ अलीकडचें, वर्ष असतें. आतां मागच्या बाकावरून तो प्रश्न आला, म्हणजे मी फळ्यावर हीं दोन वर्षें एकाखालीं एक लिहितों आणि मधल्या काळाची वजाबाकी मुलांना करावयास सांगतों.